साथीच्या काळातील वाचनालय: प्लेगपासून कोविडपर्यंत

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीवरचा पूल ओलांडला की कोन लागते. कल्याणहून भिवंडीकडे जाणारा रस्ता याच गावातून जातो. सरकारी दप्तरात कोन भिवंडी तालुक्यात मोडते. पण रेल्वे पकडायची तर पाय कल्याणकडेच वळतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. कोनच्या वाचकाला मोठा ग्रंथसंग्रह हवा असेल तर त्याने एकतर पूल ओलांडून कल्याणला जावे, नाहीतर उलट दिशेला भिवंडी गाठावी.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागली असतानाच जूनच्या उत्तरार्धात भिवंडी शहराने पुन्हा कडक टाळेबंदी लावून घेतली आणि २ जुलैपासून कल्याण-डोंबिवलीनेही. कोन हे या दोन बंद शहरांच्या मधोमध सापडलेले गाव. त्या दिवसांतही दूध येत होते, भाजी येत होती, औषधे मिळत होती, गॅसचा सिलिंडर दारात येत होता. त्यासाठी पास होते, वेळा ठरल्या होत्या, पोलिसांना सूचना होत्या. वाचनालयातल्या पुस्तकासाठी मात्र कसलीच तरतूद नव्हती. मार्चच्या मध्याला बंद झालेली राज्यातली ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे सुमारे सात महिने ती बंद होती.

रोग नवा होता, माणसे मरत होती, त्यामुळे वाचनकक्ष बंद ठेवण्यात गैर काही नव्हते. दहा-बारा माणसे एका टेबलाभोवती बसून वर्तमानपत्रे चाळतात ती जागा उघडी ठेवावी, असे कोणीच म्हटले नसते. पण वाचनकक्ष बंद झाल्याबरोबर घरी पुस्तक देण्याचे कामही बंद झाले, माहिती देण्याचे कामही बंद झाले, आणि असे का व्हावे हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर सव्वाशे वर्षे मागे, प्लेगच्या दिवसांत जावे लागते.

१.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत मुंबईच्या साडेआठ लाख वस्तीपैकी निम्म्याच्या जवळपास माणसे शहर सोडून गेली. कोणी बोटीने कोकणात उतरले, कोणी आगगाडीने कल्याणवरून घाटाकडे गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीचे रोग अधिनियम मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. साथीचा धोका दिसला की सरकारला योग्य वाटतील ते तात्पुरते नियम करता यावेत, प्रवाशांची तपासणी करता यावी, संशयितांना वेगळे ठेवता यावे आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, एवढाच त्याचा आवाका. लोकांना काय पुरवायचे याचा त्यात एक शब्द नाही. अडवायचे कोणाला, तेवढे आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी जो कायदा लागू केला, तो हाच.

प्लेगच्या काळात या कायद्याखाली काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुण्यात मार्च १८९७ पासून सैनिकांनी घरे तपासली, सामान बाहेर काढून जाळले, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली होती. रोगाइतकीच अफवाही पसरत होती. रोगाविषयी धड माहिती लोकांपर्यंत पोचवणारी यंत्रणा सरकारकडे जवळजवळ नव्हती. होती ती वर्तमानपत्रे, आणि वर्तमानपत्र विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी गावोगावची वाचनालये.

त्या काळचे वाचनालय म्हणजे मुख्यतः वर्तमानपत्रे वाचण्याची जागा होती. ग्रंथ होते, पण थोडे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. सुरुवातीला ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने निघालेली ‘नेटिव्ह लायब्ररी’ होती. पुढे गावातले वकील, शिक्षक, कारकून, पेन्शनर यांनी वर्गणी काढून ती चालवली. ठाण्याला १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्यासाठी काढलेली ही पहिली संस्था. आणि १ ऑगस्ट १८९८ रोजी, म्हणजे मुंबईत प्लेगची पहिली दोन वर्षे उलटून गेल्यावर आणि साथ अजून संपलेली नसताना, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली.

ही शेवटची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या शहरातून माणसे पळून गेली होती, जिथे पुढच्या हिवाळ्यात आपण असू की नाही याची खात्री नव्हती, तिथे लोक एकत्र येऊन ग्रंथसंग्रहालय काढतात. साथ आली म्हणून ग्रंथालयाची गरज कमी होते असे त्या माणसांना वाटले नव्हते, एवढे तरी यावरून म्हणता येते. पण दुसरी बाजूही आहे. ही सर्व ग्रंथालये वर्गणीदारांची होती. ज्याने वर्गणी भरली त्याचे पुस्तक. साथीच्या वेळी गावाला काय हवे याची जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकलेली नव्हती आणि सरकारलाही ती टाकण्याचे कारण नव्हते. १८९७ च्या कायद्याला ग्रंथालय दिसायचे ते इतर कोणत्याही जागेसारखे, म्हणजे माणसे जमतात अशी एक खोली.

२.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत वेगळीच भीती मूळ धरत होती. तिथे सार्वजनिक ग्रंथालये मोफत होती, एकच पुस्तक शेकडो घरांतून फिरत होते. रोग जंतूंमुळे होतो हे नुकतेच सर्वमान्य झाले होते. मग पुस्तकाच्या पानांतून क्षय, देवी, लाल ताप घराघरांत जात नसेल कशावरून? १८९५ मध्ये ओमाहा शहरातल्या जेसी ॲलन या ग्रंथपाल बाई क्षयाने वारल्या, आणि त्यांना तो ग्रंथालयाच्या पुस्तकांतून जडला अशी चर्चा अमेरिकेभर झाली. पुस्तकांना वाफ देणे, फॉर्मॅलिनच्या धुरात ठेवणे, संशयित घरातून आलेले पुस्तक सरळ जाळून टाकणे, असे प्रकार सुरू झाले. इंग्लंडमध्ये १९०७ साली सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. संसर्गजन्य रोग झालेल्या माणसाने ग्रंथालयाचे पुस्तक घेणे वा वापरणे हा चाळीस शिलिंग दंडाचा गुन्हा ठरला.

पुस्तकांतून साथ पसरल्याचा पुरावा काही पुढे आला नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत ही भीती हळूहळू ओसरली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतल्या अनेक शहरांनी नाटकगृहे, शाळा आणि प्रार्थनास्थळांबरोबर ग्रंथालयेही बंद ठेवली, पण आता भीती पुस्तकाची कमी आणि गर्दीची जास्त होती.

भीतीच्या या काळातच एक समंजस निर्णयही झाला होता. प्लेग आणि कॉलऱ्यावरचे निर्बंध सर्व देशांत सारखे असावेत म्हणून १९०३ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय करार झाला. कोणत्या मालाचे निर्जंतुकीकरण करायचे, कोणता अडवायचा याची त्यात तपशीलवार यादी आहे. वापरलेले कपडे, अंथरूण-पांघरूण, चिंध्या हे सारे धोक्याचे ठरवले होते. आणि त्याच करारात नमूद केले होते की पत्रे, छापील मजकूर, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि व्यापारी कागदपत्रे यांवर कोणतेही बंधन घालू नये, त्यांचे निर्जंतुकीकरणही करू नये. प्लेगने आशियात लाखो बळी घेतले होते, तरी साथ हाताळणाऱ्या डॉक्टरांनी आणि मुत्सद्द्यांनी कागदाला वाट मोकळी ठेवली.

हे सांगण्याचे कारण असे की एकशे सतरा वर्षांनी महाराष्ट्रात कागदालाच वाट बंद झाली.

३.

१८ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने आदेश काढला: वर्तमानपत्रे छापायला हरकत नाही, पण ती घरोघर टाकता येणार नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या बंदीची स्वतःहून दखल घेतली. तीन दिवसांत आदेशात दुरुस्ती झाली, पण मुंबई महानगर क्षेत्र आणि पुणे यांना ती सूट नव्हती. कल्याण, भिवंडी, कोन हे सारे महानगर क्षेत्रात. इथल्या घरांत वर्तमानपत्र पुन्हा पडू लागले ते जूनमध्ये.

पुस्तकांची गतही याहून फार वेगळी नव्हती. २१ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कोणती दुकाने उघडता येतील याचा खुलासा केला, त्यात विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक पुस्तकांची दुकाने आली. विजेच्या पंख्यांची दुकानेही त्याच खुलाशात आली. म्हणजे गणिताचे पाठ्यपुस्तक आवश्यक, पंखा आवश्यक, कादंबरी अनावश्यक. भिवंडी तालुक्यात ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांची मोठमोठी गोदामे आहेत. टाळेबंदीच्या पहिल्या टप्प्यांत या कंपन्यांना जीवनावश्यक वस्तूच पोचवण्याची मुभा होती. गोदामातली पुस्तकेही जागच्या जागी राहिली.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घाईत याद्या करायच्या होत्या आणि याद्या करणाऱ्यांसमोर जुनी मोजमापे होती. ग्रंथालय कोणत्या यादीत बसते? अत्यावश्यक सेवांत नाही. दुकानांत नाही. शाळा-कॉलेजांत धरले तर शाळा बंद. नाट्यगृहांसारखे धरले तर नाट्यगृहेही बंद. कोणत्याही दारातून गेले तरी ते बंदच्या रकान्यात जाऊन पडत होते.

इथे आपल्या ग्रंथालय कायद्याकडे वळले पाहिजे. १९३९-४० मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत सहा पायऱ्यांची साखळी उभी करावी, असे या समितीने सुचवले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. भारतातला तो पहिलाच. पुढे महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये आला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. यात ग्रंथालय कर नाही. लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना सरकारने मान्यता द्यायची, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग करायचे आणि वर्गानुसार अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत. तिचे श्रेय मोठे आहे. २०२० च्या सुमारास राज्यात बारा हजारांच्या घरात मान्यताप्राप्त ग्रंथालये होती, त्यांतली बहुतेक लोकांच्या उत्साहावर उभी राहिलेली. असा पसारा फार थोड्या राज्यांत आहे.

पण वर्ग ठरतो कशावर? ग्रंथसंख्या किती, वर्गणीदार किती, दैनिके आणि नियतकालिके किती येतात, दिवसाला किती तास दार उघडे असते. तपासणीला येणारा अधिकारी दाखलनोंदवही पाहतो, कपाटे पाहतो, हजेरी पाहतो. पुस्तक वाचनालयाबाहेर किती फिरले, अंथरुणाला खिळलेल्या वाचकाला ते घरी पोचले का, गावात कोणाला कसली माहिती हवी होती आणि ती मिळाली का, हे या मोजमापात गौण आहे. थोडक्यात, कायद्याने जे मोजले ते सारे खोलीत बसणारे आहे. साहजिकच खोली बंद झाल्यावर मोजण्यासारखे काही उरले नाही.

पैशाची बाजूही याच चौकटीत पाहिली पाहिजे. २०२० मध्ये ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होते, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यातली निम्मी रक्कम वेतनावर खर्च करायची असते. खेड्यातल्या वाचनालयाचा कर्मचारी महिन्याला बाराशे-तेराशे रुपयांवर दार उघडत होता. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने सर्व विभागांच्या खर्चाला कात्री लागली, अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे ठरले. अनुदानाचे हप्ते लांबले. वाचनालय बंद, मग वाचक वर्गणी कशाची भरणार? अशा कर्मचाऱ्याने पदरमोड करून सायकलवर पुस्तके वाटावीत, ही अपेक्षा करणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. अनुदानात ६० टक्के वाढ झाली ती साथ ओसरल्यावर.

४.

पुस्तकातून कोविड पसरतो का, हा प्रश्न तेव्हा खरा होता. १८९५ च्या भीतीपेक्षा या वेळी एक गोष्ट चांगली झाली. उत्तर अफवेवर सोडले गेले नाही. अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने बॅटेल प्रयोगशाळेकडून प्रत्यक्ष चाचण्या करून घेतल्या. जून २०२० मध्ये पहिले निष्कर्ष आले. पुठ्ठा बांधणीचे आणि साध्या बांधणीचे वेष्टन, मिटलेल्या पुस्तकातली पाने, प्लास्टिकचे कव्हर अशा वस्तू सुट्या ठेवल्या तर तीन दिवसांनी त्यांवर विषाणू आढळला नाही. पुस्तके एकावर एक रचून ठेवली तर तो जास्त दिवस टिकतो, असे पुढच्या चाचण्यांत दिसले. म्हणून परत आलेली पुस्तके काही दिवस बाजूला, शक्यतो मोकळी ठेवावीत, एवढा साधा उपाय निघाला. एप्रिल २०२१ पर्यंत तर वस्तूंच्या पृष्ठभागावरून संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले.

इंग्लंड-अमेरिकेतली कितीतरी ग्रंथालये २०२० च्या उन्हाळ्यातच दारातून पुस्तके देऊ लागली होती. वाचकाने फोनवर किंवा संकेतस्थळावर मागणी नोंदवायची, ग्रंथपालाने पिशवी भरून दाराबाहेरच्या टेबलावर ठेवायची. वाचनकक्ष बंदच होता. अमेरिकेत काही ठिकाणी इमारत बंद ठेवून वाय-फाय चालू ठेवले गेले आणि मुलांनी बाहेर गाडीत बसून शाळेचा अभ्यास केला. तिथली ग्रंथालये श्रीमंत आहेत, हे खरेच. पण दाराबाहेर टेबल ठेवायला संपत्ती लागत नाही. ती परवानगी कोणी मागितली तर द्यायची की नाही हे सांगणारा नियम लागतो, आणि आपल्याकडे तो नव्हता.

वाचनकक्षाची उणीव सर्वांत जास्त भासली ती अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मराठी वाचनालयांचे हे एक मोठे काम झाले आहे. एका खोलीत पाच माणसांचे कुटुंब राहते, तिथल्या मुलाला दिवसभर बसायला खुर्ची, डोक्यावर दिवा आणि शांतता मिळते ती अभ्यासिकेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाऊन शेवटी २१ मार्च २०२१ रोजी झाली. या वर्षभरात ज्याच्या घरी स्वतंत्र खोली होती तो अभ्यास करत राहिला, ज्याच्या घरी नव्हती तो अभ्यासिका कधी उघडते याची वाट पाहत राहिला. एकाच परीक्षेला बसलेल्या या दोघांमधले अंतर वाचनालय एरवी थोडे भरून काढते. ते बंद झाल्यावर अंतर पुन्हा पूर्ववत झाले.

५.

याहून निकडीची एक गरज होती, आणि ती वाचनालयाने भागवावी असे कोणाच्या मनातही आले नाही.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले लाखो कामगार इथे राहतात. इथे मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलली जाते. माग बंद पडले, मजुरी थांबली. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यापासून भिवंडी रोड स्थानकातून गावी जाणाऱ्या श्रमिक गाड्या सुटू लागल्या, त्यांतली पहिली गोरखपूरची. गाडीत जागा मिळवायची तर अर्ज भरायचा, त्यात नाव, गाव, आधार क्रमांक, सोबतची माणसे, सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही जोडायचा, आणि ते सारे पोलीस ठाण्यात द्यायचे. अर्ज कुठे मिळतो, तो कोणी भरून द्यावा, गाडी कधी आहे, हे अक्षरओळख नसलेल्या माणसाला सांगणार कोण? पोलिसांवर आधीच भार होता. झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगा लागल्या. त्या प्रसंगी ज्याच्याजवळ टेबल आहे, लिहिता-वाचता येणारा माणूस आहे आणि ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे अशी जागा कोणती? गावोगावची मान्यताप्राप्त वाचनालये. त्यांच्या दारांना कुलपे होती.

वर्षभराने हेच पुन्हा घडले. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांची लसीसाठी नोंदणी सुरू झाली, तीही कोविन संकेतस्थळावरच. स्मार्टफोन, इंग्रजी आणि वेगाने चालणारी बोटे ज्यांच्याजवळ होती त्यांना तारीख मिळाली. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि ज्यांना हे साधन वापरता येत नाही त्यांच्या लसीकरणाचे काय, असा प्रश्न सरकारला विचारला. सरकारच्या उत्तरात नागरी सुविधा केंद्रांचा उल्लेख होता. ग्रंथालयांचा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता.

१८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेलेल्या जमावाला खरी माहिती देणारे कोणी नव्हते. २०२० मध्ये माहिती उदंड होती, पण तिच्यातली खरी कोणती, आपल्या कामाची कोणती, आणि तिचा उपयोग कसा करायचा हे समजावून सांगणारा माणूस जवळ नव्हता. साथीच्या वेळी ग्रंथालयाची खरी सेवा कोणती म्हणायची, तर ही. कथा-कादंबरी त्यानंतर. तीही हवीच, कारण कोंडलेल्या माणसाला, विशेषतः घराबाहेर पडू नका असे ज्यांना बजावले होते त्या म्हाताऱ्या माणसांना, दिवस काढायला काहीतरी लागते. वाचनालयाचे सर्वांत निष्ठावंत वाचक तेच असतात.

६.

खोलीवाचून चालणारे ग्रंथालय आपल्याला अपरिचित आहे असे नाही. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. ज्या गावात ग्रंथालय काढणे शक्य नव्हते तिथे लाकडी पेट्या जात. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके, वाहतुकीचा खर्च राज्याचा. पेटी एखाद्या शाळामास्तराच्या ताब्यात द्यायची, गावाने ती वाचून संपवायची, मग ती पुढच्या गावी. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीचा कारभार पाहिला आणि तिच्यावर पुस्तकही लिहिले. पेटीला वाचनकक्ष लागत नव्हता, वेळा लागत नव्हत्या. लागत होता तो एक जबाबदार माणूस आणि पेटी पोचवण्याची सरकारने घेतलेली हमी.

शंभर वर्षांनी हीच कल्पना नाशिकला वेगळ्या रूपात अवतरली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती सोसायटीतला, कार्यालयातला किंवा गल्लीतला वाचकांचा एक गट. काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. ही पेटी दुबईपर्यंत गेली. साथीच्या काळात इमारतीतली माणसे इमारतीतच राहत होती, त्यांच्यात पुस्तके फिरवायची तर याहून सोयीची रचना सुचणे कठीण आहे. पण ती एका संस्थेच्या आणि काही देणगीदारांच्या बळावर चाललेली योजना. बारा हजार ग्रंथालयांच्या सरकारी व्यवस्थेने तशी पेटी आपलीशी केली नाही, कारण पेटीतून गेलेले पुस्तक वर्ग ठरवताना कोणत्या रकान्यात धरायचे, हे नियमांत कुठे लिहिलेले नाही.

बडोदा आणि नाशिक यांच्यामध्ये आपला १९६७ चा कायदा आहे. त्याने संस्था टिकवल्या, पण संस्था म्हणजे इमारत आणि कपाटे अशी समजूतही पक्की केली. १८९७ चा कायदा साथीच्या वेळी माणसे जमणाऱ्या खोल्या बंद करायला सांगतो. १९६७ चा कायदा खोलीलाच ग्रंथालय म्हणतो. २०२० मध्ये हे दोन कायदे एकमेकांना भेटले, आणि त्यांचा परिणाम सात महिने दिसला.

यावरचा उपाय फार मोठ्या खर्चाचा नाही. वर्ग ठरवताना बाहेर गेलेली पुस्तके आणि घरपोच सेवा मोजली जावी. आणीबाणीच्या काळात वाचनकक्ष बंद ठेवूनही दारातून देवघेव आणि माहितीचे टेबल चालू ठेवता येईल, असे एक वाक्य नियमांत असावे. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात शाळा निवाऱ्यासाठी धरल्या जातात, तशी ग्रंथालये माहितीसाठी धरली जावीत. आणि ज्याच्याकडून हे काम करून घ्यायचे त्या कर्मचाऱ्याला जगण्यापुरता पगार मिळावा. हे शेवटचे झाले नाही तर आधीचे सारे कागदावरच राहील.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण येणारच नाही असे कोणी डॉक्टर म्हणत नाही. तेव्हा पुन्हा याद्या होतील, पुन्हा नाकाबंदी होईल, दुर्गाडीच्या पुलावर पोलीस उभे राहतील. कल्याणहून कोनकडे दुधाची गाडी जाईल, औषधांची जाईल. त्या वेळी पुस्तकांची पेटी घेऊन कोणी पुलावर आला, तर त्याच्या हातात दाखवायला एक कागद असला पाहिजे. तो कागद साथ आल्यावर तयार होत नाही, हे २०२० ने दाखवून दिले आहे.